मथळ्याच्या चार ओळी

"कोथमीर घ्यायची असंल तर घे, न्हाईतर जरा बाजूला सर. गिऱ्हाइकाला मी दिसत न्हाई."

द्वारकामावशी ननावरे सलग तिसऱ्या दिवशी मला हेच म्हणाल्या. आधीच्या दोन दिवसांच्या दोन जुड्या माझ्या खोलीवर सुकत पडल्या होत्या. मी एकटी राहायचे आणि मला कोथिंबिरीची वडीसुद्धा करता येत नव्हती. तरी मी तिसरी जुडी घेतली आणि त्यांच्या ओट्याच्या कडेला बसूनच राहिले.

"शुक्रवारी तीन वाजता, मावशी. दोन नंबरच्या शाळेत. हळदीकुंकू आहे. बाजारातल्या सगळ्या बायका येणार आहेत."

"मग त्यास्नी बोलव की. मला कशाला?" त्यांनी मेथीवर पाणी शिंपडलं. "मालक जाऊन अकरा वर्सं झाली. तवापासनं हळदीकुंकवाला मला कोन बोलावतंय? माझी सख्खी जाऊ बोलवत न्हाई."

"हे कुणाच्या घरचं नाही. नगरपंचायतीचं आहे. नगरपंचायत सगळ्यांची असते."

हे वाक्य मला प्रशिक्षणात शिकवलं होतं. मावशी त्यावर खळखळून हसल्या. शेजारच्या ओट्यावरची शैला टोमॅटो तोलता तोलता हसली.

"सगळ्यांची व्हय? आगं, ग्रामपंचायत हुती तवा सरपंच हितं हुबा राहून च्या प्यायचा आन शिव्या खायचा. आता नगरपंचायत झाली तर दारातला शिपाई इचारतो, काय काम हाय." मग त्यांनी हसणं थांबवलं आणि आवाज खाली आणला. "खरं सांग. ह्या ओट्यांवर डोळा हाय का तुमचा?"

बाजारात ही कुजबुज महिनाभर चालली होती. एसटी स्टँडसमोर भाजीचे सतरा दगडी ओटे होते. स्टँडवर उतरणारा माणूस भाजी घेऊनच गावात शिरायचा. त्या जागी दुकानांचं संकुल होणार आणि बायकांना बायपासच्या पलीकडे, पाण्याच्या टाकीखाली बसवणार, असं कुणी म्हणत होतं. तिसरा ओटा द्वारकामावशींचा. नवऱ्याबरोबर त्या तिथे बसायच्या, नंतर एकट्या बसू लागल्या. गुडघे गेलेले होते. पाटी डोक्यावर घेऊन दारोदार फिरणं त्यांना जमणार नव्हतं. तो ओटा हेच त्यांचं सगळं होतं.

"मला खरंच माहीत नाही, मावशी," मी म्हणाले, आणि ते खरं होतं. "म्हणूनच या. मुख्याधिकारी साहेब येणार आहेत. त्यांना तोंडावर विचारा."

"आन कुंकू कोन लावनार मला?"

"मी लावीन."

 त्यांनी माझ्या हातातली कोथिंबिरीची जुडी परत घेतली आणि मेथीची पेंडी ठेवली.

"ही ने. पयल्या दोन टाकून दिल्या असशील. मेथी तरी करता यील तुला."

मी तेव्हा सव्वीस वर्षांची होते. पद होतं समुदाय संघटक, अकरा महिन्यांच्या करारावर. कामाचं नाव नागरिकांचा सहभाग वाढवणे. तोवर मी दोन प्रभाग सभा घेतल्या होत्या. पहिलीला कुणीच आलं नाही. दुसरीला तिघं आले, तेही नेत्रशिबिर समजून, आणि डोळे कधी तपासणार म्हणून विचारू लागले. आमचे मुख्याधिकारी देसले साहेब धुळ्याकडचे, वयाने माझ्यापेक्षा पाचसहा वर्षांनीच मोठे. कधी कुणावर ओरडले नाहीत. त्या दुसऱ्या सभेनंतर ते म्हणाले, "लोक येत नाहीत, कारण आपण त्यांच्याकडे जात नाही. तुम्ही काहीतरी वेगळं सुचवा, मॅडम."

संक्रांत तोंडावर होती. हळदीकुंकू मी सुचवलं. सभा म्हटलं की बायका येत नाहीत, हळदीकुंकू म्हटलं की येतात, हे सांगायला कुणी तज्ज्ञ लागत नाही. विधवांनाही बोलवायचं, हीही माझीच अट होती. साहेबांनी दोन्हीला लगेच हो म्हटलं. मला फार बरं वाटलं होतं. हे सगळं सांगते आहे ते एवढ्यासाठी, की पुढे जे झालं त्याची सुरुवात माझ्या डोक्यातून झाली होती.

हजेरीचा कागद कसा आखायचा, ते आमचे हेडक्लार्क घोलप भाऊसाहेब यांनी शिकवलं. तीस वर्षांची नोकरी, आधी ग्रामपंचायतीत, मग इथे. माझ्या हातातली पट्टी घेऊन त्यांनी स्वतःच रेघा मारल्या.

"अनुक्रमांक, नाव, सही. आणि वरती चार ओळी कोऱ्या सोडायच्या."

"मथळा नको टाकायला?"

"मथळा शेवटी, वृषालीताई. कार्यक्रम कोणत्या योजनेत बसवायचा हे नंतर ठरतं. आज तुम्ही हळदीकुंकू लिहाल, उद्या ते आरोग्य जनजागृतीत बसवायची वेळ येईल. मग खाडाखोड. खाडाखोड केलेला कागद कुणी घेत नाही." पट्टी परत देत ते म्हणाले, "आयुष्यभर असंच केलंय आम्ही. कुणाचं काय अडलं?"

मी तसे तीन कागद आखले. वरच्या चार ओळी सोडल्या.

शुक्रवारी बेचाळीस बायका आल्या. दुपारी बाजार थंड असतो, त्या वेळेला ओट्यांवर आणि खाली बसणाऱ्यांच्या पाट्यांवर गोणपाट टाकून सगळ्या आल्या. शाळेच्या बाकांवर मावेनात, तेव्हा सतरंजी अंथरली. वाण म्हणून स्टीलची वाटी होती, वाटीवर नगरपंचायतीचं नाव कोरलेलं. द्वारकामावशी सगळ्यात शेवटी आल्या आणि दाराशीच भिंतीला टेकून बसल्या. धुवट इरकल नेसल्या होत्या. मी करंडा घेऊन त्यांच्यासमोर वाकले, तेव्हा मागे एक बाई काहीतरी पुटपुटली. शैला तिला म्हणाली, "गप की. तुझ्या घरचं हाय का?"

मावशींनी डोळे मिटून कपाळ पुढे केलं. मी कुंकू लावलं. त्यांनी लगेच डोळे उघडले नाहीत.

साहेब चार वाजता आले आणि सतरंजीवर बसले. खुर्ची आणलेली होती, ती त्यांनी बाजूला करायला लावली. त्यानंतर अर्धा तास बायका बोलल्या. स्टँडच्या मुतारीला आतून कडी नाही, एकीने बाहेर उभं राहायचं आणि दुसरीने आत जायचं. गटार तुंबलं की पाणी ओट्यांखाली येतं. साहेब डायरीत लिहून घेत होते. मग द्वारकामावशी बसल्या जागेवरून म्हणाल्या, "सायेब, आमचं ओटं काढनार हाय का?"

सगळ्या साहेबांकडे वळल्या.

"मावशी," साहेब म्हणाले, "तसा एक विचार चालू आहे, खोटं बोलत नाही. बायपासजवळ नवी मंडई बांधायची. छप्पर असेल, पाणी असेल, संडास असेल. पण तुम्हाला विचारल्याशिवाय एक दगड हलणार नाही."

"इचारनार ना?"

"विचारणार."

मावशींनी मान डोलावली. बाकीच्यांनीही डोलावली. खोटं वाटावं असं साहेबांच्या बोलण्यात काही नव्हतं, आणि मला आजही वाटतं की त्या क्षणी ते खोटं बोलत नव्हते.

वाण देताना सह्या घेतल्या. काहींचे अंगठे, बाकीच्यांच्या सह्या. मावशींचा नंबर आला तेव्हा त्यांनी पेन घेतलं नाही. आधी कागद पाहिला.

"हे कशाचं?"

"हजेरीचं. कोण आलं, कुणाला वाण दिलं, एवढंच."

"वर काय लिवल्यालं न्हाई."

"ते नंतर ऑफिसात टाकतात."

"हां." कागदावरून त्यांची नजर हलेना. "मी आजवर एकदाच सही केलीया. मालकांच्या मरनाच्या दाखल्याला. नातीनं पाटीवर शिकवली हुती." मग त्यांनी पेन घेतलं. "तू सांगतीस म्हनून."

द्वारका. तीन अक्षरं त्यांनी एकेक करून काढली आणि शेवटी वरून एक लांब रेघ मारली. ती रेघ चौकट ओलांडून शेजारच्या रकान्यात गेली.

सोमवारी मुतारीला कडी बसली. आठवड्याभरात गटार उपसलं. बाजारातून जाताना मला हाका येऊ लागल्या, पिशवीत न मागता काकडी पडू लागली. द्वारकामावशी कार्यालयात येऊन शिपायाला न विचारता थेट माझ्या टेबलाशी बसायच्या, आणि शिपाई त्यांना चहा द्यायचा. फेब्रुवारीचा तो महिना मी हवेत होते. हे काम आपल्याला येतं, असं मला मनापासून वाटत होतं.

मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात सतराही ओट्यांवर नोटिसा चिकटवल्या गेल्या. पंधरा दिवसांत जागा मोकळी करावी.

मला ते शैलाने सांगितलं. मी धावत घोलपांकडे गेले. त्यांनी शांतपणे फाईल उघडून दिली. आत ठराव होता. ठरावाला माझे तीन कागद जोडलेले होते. वरच्या चार ओळी टाईप केलेल्या होत्या: "भाजी विक्रेत्या महिलांच्या विशेष सभेत मंडई स्थलांतराबाबत सविस्तर चर्चा होऊन सर्व उपस्थितांनी नवीन जागेस सर्वानुमते संमती दिली. उपस्थितांच्या सह्या खालीलप्रमाणे."

चार ओळींत ते बरोबर बसलं होतं.

"भाऊसाहेब, हे हळदीकुंकवाचं आहे."

"मंडईचा प्रस्ताव एकतीस मार्चच्या आत गेला नाही तर मंजुरी जाते. त्याला बायकांची संमती लागते. आणखी कुठली सभा झाली का आपल्याकडे?" ते माझ्यावर चिडले नव्हते, समजावत होते. "विषय निघाला होता ना तिथं?"

दुसऱ्या दिवशी बायका कार्यालयात आल्या. वीसेक असतील. साहेबांनी त्यांना आत घेतलं, बसायला सांगितलं, पाणी दिलं. मलाही बोलावलं. शैला पुढे होऊन म्हणाली, "आम्हाला न इचारता केलंसा."

"विचारलं की," साहेब म्हणाले. "शाळेत विचारलं. नवी मंडई सांगितली, छप्पर सांगितलं. कुणी नको म्हणालं का?"

बायका एकमेकींकडे पाहू लागल्या. नको कुणीच म्हणालं नव्हतं. तेव्हा नको म्हणायची वेळ आहे, हे कुणालाच कळलं नव्हतं.

साहेबांनी कागद टेबलावर फिरवून ठेवले. एकीने सांगितलं, ही सही माझी नव्हे. दुसरी म्हणाली, अंगठा कुणाचा ते कसं कळणार. मग साहेबांनी द्वारकामावशींना विचारलं, "मावशी, ही तुमची का?"

मावशींनी नाही म्हटलं असतं तर बाकीच्यांनीही म्हटलं असतं. कदाचित थोडं काही हललं असतं. त्यांनी कागद जवळ घेतला, ती लांब रेघ बोटाने चाचपली.

"माझीच हाय. मी केल्यालं न्हाई म्हनत न्हाई. पर कशाची केली ते ह्या पोरीला इचारा. तिनं घेतलीया."

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. पुढचं मी अनेकदा मनात चालवून पाहिलं आहे आणि माझ्या तोंडी वेगवेगळी वाक्यं घालून पाहिली आहेत. प्रत्यक्षात मी खरं तेच बोलले.

"हजेरीची होती, सर. हळदीकुंकवाच्या हजेरीची. संमतीची नव्हती."

साहेबांनी मान हलवली. रागावले नाहीत. "कागद कोणी आखला?"

"मी."

"मथळा कोरा कोणी सोडला?"

"मी सोडला."

"का?"

मी घोलपांकडे पाहिलं. ते खिडकीबाहेर बघत होते. "नेहमी तसंच करतात, सर."

"मग आता मी काय करू, सांगा," साहेब म्हणाले, आणि त्यांच्या आवाजात खरोखरच प्रश्न होता. "ठराव झालाय. प्रस्ताव गेलाय. सही खरी आहे, त्या स्वतः सांगतात. तुमचं म्हणणं असेल तर लेखी द्या. मी वर पाठवतो."

मी लेखी दिलं, पान भरून. त्यावर आवक क्रमांक पडला आणि तो कागदही त्याच फायलीत गेला. बायकांनी जिल्ह्याला अर्ज केला. तीन आठवड्यांनी तो अर्ज "आपल्या स्तरावर उचित कार्यवाही करावी" असा शेरा घेऊन परत आमच्याच कार्यालयात आला, आणि नागरिकांचा विषय म्हणून माझ्या टेबलावर आला. अर्जदारांना काय उत्तर द्यायचं त्याचा मसुदा मी लिहायचा होता. मला तो लिहिता येईना. दोन दिवस कागद समोर ठेवून बसले. तिसऱ्या दिवशी घोलपांनी तो उचलला आणि दहा मिनिटांत उत्तर लिहून टाकलं. सोबत सह्यांची यादी जोडली आहे, असं त्यात होतं.

मी राजीनामा दिला नाही. घरी बाबांचं डायलिसिस चालू होतं. ही सबब नाही, असं म्हणायला मला आवडलं असतं.

एप्रिलमध्ये एका सकाळी जेसीबी आला. आदल्या संध्याकाळीच बायकांनी पाट्या, गोणपाटं, तराजू हलवले होते. भांडण झालं नाही. द्वारकामावशी समोरच्या रसाच्या गाडीवर बसून बघत होत्या. मी त्यांच्याजवळ जाऊन उभी राहिले.  तिसरा ओटा निघायला वेळ लागला, जुनं काम पक्कं होतं.

नवी मंडई छान झाली. छप्पर होतं, पाणी होतं, संडासाला कडी होती. फक्त तिकडे कुणी भाजीला जात नव्हतं. दिवाळीपर्यंत निम्म्या बायका परत गावात रस्त्याकडेला बसू लागल्या, आणि मग अतिक्रमणाची गाडी त्यांच्या पाट्या उचलू लागली. द्वारकामावशी पाटी डोक्यावर घेऊन गल्ल्यांत फिरू लागल्या. त्या दोन घरं करून तिसऱ्या घराच्या पायरीवर बसतात, असं मला लोक सांगायचे. माझ्या गल्लीत त्या येत नसत.

या गोष्टीला आता चौदा वर्षं झाली. मी दुसऱ्या जिल्ह्यात आहे आणि नव्या संघटकांना प्रशिक्षण देते. नागरिकांचा विश्वास कसा मिळवावा, या विषयावर माझं दीड तासाचं सत्र असतं. त्यात मी हळदीकुंकू सांगते, साहेब सतरंजीवर बसले ते सांगते, तीन दिवसांत बसलेली कडी सांगते. मुलं भराभर लिहून घेतात. पुढचं मी सांगत नाही.

ओटे पाडल्यानंतरच्या संक्रांतीला साहेबांनी मला बोलावून म्हटलं, "मॅडम, मागच्या वर्षीचा कार्यक्रम फार चांगला झाला होता. यंदाही करू." माझ्या कराराला मुदतवाढ मिळाली होती, तीही त्याच कार्यक्रमाच्या जोरावर. मी परत बोलवायला गेले, आता घरोघर. कुणी दार लावलं नाही, कुणी शिवी दिली नाही. सगळ्यांनी बसायला पाट दिला आणि बघू म्हणाल्या. द्वारकामावशींच्या दारात मी उभी राहिले तेव्हा त्या गुडघ्याला तेल लावत होत्या. शुक्रवारी तीन वाजता, एवढंच मी म्हणू शकले. त्यांनी हूं केलं.

त्या वर्षी कागद मी माझ्या हाताने आखला. मथळा आधी लिहिला, मोठ्या अक्षरात, घोलपांना न विचारता: "हळदीकुंकू. फक्त हजेरी. ही सही कोणत्याही ठरावासाठी किंवा संमतीसाठी वापरता येणार नाही." चारही ओळी भरल्या. एवढंही मला वर्षाने सुचलं.

तीनला कुणी आलं नाही. साडेतीनला नाही. वाट्यांचं खोकं, तिळगुळाचं ताट, करंडा घेऊन मी सतरंजीवर एकटी बसले होते. साडेचारला दारात पाटी टेकल्याचा आवाज आला. द्वारकामावशी होत्या. दाराची चौकट धरून त्या हळूहळू आत आल्या आणि गेल्या वर्षीच्याच जागी भिंतीला टेकून बसल्या.

"बोलावलं हुतंस म्हनून आले," त्या म्हणाल्या. "दुसरं कोन बोलवतंय मला?"

मी कागद घेऊन त्यांच्याजवळ गेले. मथळा वाचून दाखवला, सगळाच्या सगळा, अक्षरावर बोट ठेवून. त्यांनी नीट ऐकून घेतलं.

"ब्येस लिवलंयस," त्या म्हणाल्या.

मी पेन पुढे केलं. वाटीही पुढे केली. त्यांनी दोन्हीला हात लावला नाही.

"ऱ्हाऊ दे. कुंकू तेवढं लाव. त्याला सही लागत न्हाई."

त्यांनी डोळे मिटले आणि कपाळ पुढे केलं. कुंकू तिरकं लागलं. मला रडू आलं आणि ते मी आवरलं नाही. मावशींनी डोळे उघडले, पदराने माझं तोंड पुसलं. माझ्या खांद्याला धरून उठल्या. पाटी डोक्यावर घ्यायला मी हात दिला, तेव्हा तिच्यात कोथिंबीर होती, निम्म्याहून जास्त उरलेली. मी जुडी मागितली नाही आणि त्यांनी दिली नाही. त्या शाळेच्या फाटकातून पलीकडच्या गल्लीत गेल्या.

ऑफिसात घोलप माझीच वाट पाहत होते. त्यांना अहवाल पाठवायचा होता.

"हजेरी किती टाकू?"

"एक बाई आल्या होत्या," मी म्हणाले.

त्यांनी कागद घेतला, चष्मा वर केला, वरपासून खालपर्यंत पाहिला.

"मग सही कुठाय?"

मी वाट्यांचं खोकं उचललं आणि कपाटात ठेवायला घेतलं.